ऐन सीझनमध्ये एअरलाइन बुडते ती कशी?

प्रश्न: २०१९ च्या सप्टेंबरात ब्रिटनची थॉमस कुक बुडाली तेव्हा आमच्या हॉटेलवाल्यांचं धाबंच दणाणलं होतं, सीझन तोंडावर आणि चार्टर गायब. परवा एक म्हातारा इंग्रज गेस्ट म्हणाला, हे काहीच नाही, १९७४ ला आमच्याकडे कोर्ट लाइन बुडाली होती. ही काय भानगड होती? आणि विमानं फुल्ल असून कंपनी बुडते कशी?
(एक वाचक, कळंगुट)

उत्तर: फुल्ल विमानावर जाऊ नका हो. चार्टरवाले तिकीटं विकतच नाहीत, लग्नाच्या वऱ्हाडाला एसटी ठरवतात तसं टूर कंपनी अख्खं विमान ठरवते आणि सीटा भरायची डोकेदुखी तिची. मग ती भाव पाडून पाडून भरते, विमान फुल्ल दिसतं आणि प्रत्येक पॅसेंजरमागे तोटा चालू असतो.

कोर्ट लाइन मूळची जहाजवाली कंपनी. तिच्याकडे ऑटएअर नावाची एअरलाइन होती, लंडनच्या उत्तरेला ल्यूटनला. ऑटएअरने १९६९ मध्ये शेड्यूल्ड, म्हणजे ठरल्या वेळापत्रकाच्या, फ्लाइट्स बंद केल्या आणि १ जानेवारी १९७० पासून कोर्ट लाइन एव्हिएशन या नावाने निव्वळ हॉलिडे चार्टर सुरू केलं, म्हणजे ढगाळ इंग्लंडातून माणसं उचलायची आणि स्पेनच्या बीचवर नेऊन सोडायची. विमानं कसली, तर कोणी गुलाबी, कोणी नारिंगी, कोणी जांभळं, कोणी फिरोजी! तेव्हाच्या पांढऱ्या-निळ्या विमानांमध्ये ही लांबूनच ओळखू यायची.

पण मला विचाराल तर खरी गंमत सीटच्या पाठीत होती. त्यांच्या वन-इलेव्हन नावाच्या जेट विमानांत तुमच्या समोरच्या सीटच्या पाठीला दोन कप्पे, एकात जातानाचं थंड जेवण आणि दुसऱ्यात परतीच्या पॅसेंजरचं, ते कुलपात. ट्रॉली फिरवायची कटकट नाही, गॅलीची (विमानातल्या स्वयंपाकघराची) जागा वाचते म्हणून सीटा जास्त बसतात, आणि स्पेनमध्ये उतरल्यावर जेवण भरायला थांबायचं नाही, माणसं उतरवली की नवी चढवली, चला परत. चार्टरचा सगळा धंदा या मिनिटांवर चालतो कारण विमान जमिनीवर उभं राहिलं की मीटर उलटा फिरतो. आता कुलूप म्हटल्यावर ते उघडणारेही आलेच, काही पब्लिक जातानाच दोन्ही कप्पे फस्त करायची आणि परतीचे पॅसेंजर रिकाम्या डब्याकडे बघत बसायचे.

१९७३ ला त्यांनी लॉकहीडची ट्रायस्टार घेतली, ४०० सीटांचं धूड, युरोपात हे विमान उडवणारी पहिली कंपनी हीच. आणि त्याच वर्षी तेल पेटलं. ऑक्टोबर ७३ ते जानेवारी ७४ एवढ्यात क्रूडचा भाव जवळपास चौपट, पण पॅकेजचे रेट तर ब्रोशरमध्ये कधीच छापून झालेले. त्यात ब्रिटनमध्ये वीज वाचवायला कारखाने आठवड्यातून तीनच दिवस, लोकांच्या खिशात पैसा नाही, बुकिंग आपटलं. कोर्ट लाइनचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं क्लार्कसन्स ही टूर कंपनी आणि ती आधीच गाळात. ती गेली तर विमानं रिकामी, म्हणून १९७३ मध्ये कोर्ट लाइनने तीच नाममात्र किंमतीत गळ्यात बांधून घेतली. माझ्या मते बुडाली ती इथेच, तेल नंतरचं.

जून ७४ मध्ये सरकारने कंपनीचा जहाजबांधणीचा भाग घ्यायचं ठरवलं आणि मंत्री टोनी बेन यांनी संसदेत सुट्ट्या सुरक्षित आहेत अशा अर्थाचं सांगितलं, लोकांनी त्यावर विश्वास ठेवून पैसे भरले, आणि १५ ऑगस्टला कंपनी बंद! चाळीस-पन्नास हजार माणसं परदेशात अडकली. पुढे चौकशीत सरकारवरही ठपका आला, आणि १९७५ ला कायदा करून पॅकेजवर छोटं शुल्क लावून अशा वेळेसाठी वेगळा फंड उभा केला.

राहिला ऐन सीझनचा मुद्दा. चार्टर-टूरच्या धंद्यात गिऱ्हाईक पैसे आधी देतो आणि हॉटेलं, इंधन वगैरेंची बिलं नंतर येतात, त्यामुळे उन्हाळ्यात गल्ला भरलेला दिसतो. सीझन उतरला की बिलं दारात आणि पुढच्या वर्षीचे ॲडव्हान्स अजून लांब. ब्रिटनमधल्या कंपन्या बुडाल्याच्या तारखाच बघा, एक्सएल १२ सप्टेंबर २००८, मोनार्क (ही पण ल्यूटनचीच) २ ऑक्टोबर २०१७, थॉमस कुक २३ सप्टेंबर २०१९. तुमचा गोव्याचा सीझन सुरू होतो ऑक्टोबरात, म्हणजे दणका बरोब्बर तुमच्या तोंडावर.

आणि जाता जाता, कोर्ट लाइनने १९७१ मध्ये कॅरिबियन बेटांवरची लिआट नावाची छोटी एअरलाइन घेतली होती. मालक बुडाल्यावर तिथल्या सरकारांनी मिळून ती वाचवली आणि नव्या कंपनीचं नावच ठेवलं ‘लिआट (१९७४) लिमिटेड’. ती २०२४ पर्यंत चालली, कोर्ट लाइनच्या एअरलाइनपेक्षा हे पोर दसपट जगलं.

प्रश्न: मग २०१९ ला आमच्या काकांनी थॉमस कुकची युरोप टूर घाईघाईत कॅन्सल केली ते बरोबरच ना?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: नाही हो! थॉमस कुक इंडिया २०१२ पासूनच कॅनडाच्या फेअरफॅक्स ग्रुपकडे आहे, ब्रिटिश कंपनीशी मालकीचा संबंध उरला नव्हता, फक्त नाव सारखं. तिकडची बुडाली तरी इकडची चालूच राहिली. कॅन्सलेशन चार्ज गेला असेल तर काकांना एवढ्यात सांगू नका.