स्वरयंत्राच्या दुर्मीळ कर्करोगासाठी प्लॉट आत्ताच विकावा का?

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या यजमानांचा आवाज घोगरा झाला म्हणून केलेल्या सीटी स्कॅनमध्ये स्वरयंत्राच्या क्रिकॉइड कूर्चेत (तळाशी असलेल्या अंगठीसारख्या कूर्चेत) गाठ दिसली, बायोप्सीच्या अहवालात कॉन्ड्रोसार्कोमाची, म्हणजे कूर्चेच्या कर्करोगाची, शक्यता नोंदवली गेली आणि संपूर्ण स्वरयंत्र काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी प्लॉट पडत्या भावाने विकावा का, असे आपण विचारले आहे. घरात ५ लाखांचा मेडिक्लेम आणि ६ लाखांची मुदत ठेव असताना प्लॉटचा इसार आज घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा कर्करोग बहुधा संथ गतीने वाढतो. मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच असला, तरी गाठ सौम्य श्रेणीची (कमी आक्रमक) असून क्रिकॉइडचा पुरेसा भाग वाचवता येत असेल, तर स्वरयंत्र राखूनही ती काढता येते. शिवाय कॉन्ड्रोमा ही कूर्चेची निरुपद्रवी गाठ आणि सौम्य श्रेणीचा कॉन्ड्रोसार्कोमा यांतील फरक बायोप्सीच्या छोट्या तुकड्यावरून ओळखणे अनुभवी पॅथॉलॉजिस्टलाही अवघड जाते. म्हणून स्लाइड, पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेला बायोप्सीचा तुकडा) आणि सीटीची सीडी घेऊन परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दुसरे मत घ्यावे. एकूण खर्चाच्या मानाने दुसऱ्या मताचा खर्च किरकोळ आहे आणि शस्त्रक्रिया किती मोठी होणार, हे त्या मतावर ठरेल. मात्र श्वास घेताना घरघर किंवा धाप जाणवत असेल, तर कशाचीही वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.

मेडिक्लेमच्या कागदांत खोलीभाड्याची मर्यादा आधी पाहा. ती दिवसाला ५,००० रुपये असताना ८,००० रुपयांची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत केवळ ३,००० रुपयांचा फरक नव्हे, तर शस्त्रक्रियेच्या फीसारख्या रकमाही त्याच प्रमाणात कापल्या जातात. गंभीर आजाराची वेगळी पॉलिसी असल्यास तिचा दावा कर्करोग सिद्ध करणाऱ्या पॅथॉलॉजी अहवालावरच उभा राहतो, हेही दुसऱ्या मतामागचे एक कारण आहे.

मुदत ठेवीतले २ लाख मात्र मोडू नका. स्वरयंत्र काढावे लागले, तर बोलण्यासाठी बसवलेली कृत्रिम झडप काही महिन्यांनी बदलावी लागते, वाचा-उपचार चालू ठेवावे लागतात, आणि ही गाठ अनेक वर्षांनीही उलटू शकत असल्याने तपासण्या थांबत नाहीत. एवढे करूनही पैसे कमी पडले, तर आधी सोनेतारण कर्ज घ्यावे आणि प्लॉटला योग्य गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबावे.