लीनता म्हणजे गप्प बसणे का?

प्रश्न : मी आमच्या मंडळीत अठरा वर्षे संडे स्कूल चालवते. गेल्या वार्षिक सभेत मी कापणीच्या सणाला जमलेल्या अर्पणाचा हिशेब मागितला, तेव्हा एका ज्येष्ठ पंचांनी 'बाई, ख्रिस्ती स्त्रीने लीन असावे' असे सर्वांसमक्ष ऐकवले आणि मी खाली बसले. त्यानंतर नाताळच्या नाटिकेचे काम माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीकडे सोपवण्यात आले. ते मला इतके लागले की मी तालमींना जाणेच सोडले. माझी लीनता नेमकी कोठे कमी पडली?
– एक वाचक भगिनी

उत्तर : सप्रेम सलाम. हिशेब मागण्यात आपले काहीही चुकले नाही. पंचांच्या मनात बहुधा बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील 'लीनतेने एकमेकांना आपणापेक्षा श्रेष्ठ माना' हे वचन असावे. त्यातला 'एकमेकांना' हा शब्द सभेत सोयीस्करपणे गळतो. तो पंचांनाही लागू आहे. शिवाय हे लिहिणाऱ्या पौलाला त्याच फिलिप्पै शहरात चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकले होते, आणि दुसऱ्या दिवशी अधिकारी त्याला गुपचूप सोडू लागले, तेव्हा आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे त्याने ठणकावून सांगितले (प्रेषितांची कृत्ये 16:37).

आपल्याकडचेच उदाहरण घ्यायचे तर पंडिता रमाबाईंचे घ्यावे. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु शिकवलेले प्रत्येक मत त्या निमूटपणे स्वीकारीत नसल्यामुळे तेथील धर्मभगिनींकडून त्यांना गर्वाबद्दल बोलणी खावी लागली. आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, असे त्यांनी पत्रांतून स्पष्ट कळवले. ज्यांना 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी 'सरस्वती' ही पदवी दिली होती, त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून, अल्पशिक्षित बायकांनाही समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले. भारदस्त, संस्कृतप्रचुर भाषा त्यांना येत नव्हती असे नाही. समोरच्या बाईसाठी त्यांनी ती बाजूला ठेवली. मला त्यांची लीनता दिसते ती येथे. 'मी पामर, मी अपात्र' अशी सुरुवात करून दहा मिनिटे लांबणाऱ्या प्रार्थनांत ती मला क्वचितच आढळली आहे.

नाटिकेच्या बाबतीत मात्र मी आपली बाजू घेणार नाही. वाईट वाटणे स्वाभाविक आहे, त्यासाठी स्वतःला दोष देत बसू नये. पण मेंढपाळांच्या काठ्या आणि देवदूतांचे पंख कोणत्या पेटीत आहेत, पूर्वेकडील ज्ञानी मागी लोकांचे मुकुट कोणाच्या माळ्यावर पडले आहेत, आणि कोणत्या मुलाला एकापेक्षा अधिक वाक्ये दिली की तो रडू लागतो, हे आपल्याशिवाय कोणाला ठाऊक असणार? आपण गेला नाहीत, तेव्हा त्या मुलीला ते विचारण्याची सोयच उरली नाही. तालमीला जावे, मागच्या बाकावर बसावे आणि ती विचारील तेवढेच सांगावे. 'आमच्या वेळी असे नव्हते' हे वाक्य ओठांवर येईल, ते गिळावे. हे एक वाक्य गिळणे उपासाहून कठीण आहे, असे मी स्वानुभवाने सांगतो. तिने एखादा प्रसंग आपल्याहून चांगला बसवला, तर तसे तिच्या आईला नव्हे, तिलाच सांगावे.

हिशेबाचे काम सोडू नये. पुढील सभेपूर्वी सचिवांच्या नावे सहीनिशी अर्ज द्यावा, त्यात फक्त सण, वर्ष आणि कोणता तपशील हवा हे लिहावे, आणि त्या पंचांविषयी एखादे वाक्य आलेच तर ते खोडूनच अर्ज पाठवावा. अर्ज देऊन झाल्यावर महिला मंडळात त्याची चर्चा टाळलेली बरी.

आणि त्या पेटीची किल्ली अजून आपल्याकडेच असेल, तर ती या रविवारी उपासनेनंतर तिच्या हातात द्यावी. कोणाकरवी पाठवू नये.