पिस्तुलासाठी काडतूस निवडताना नेमबाजाने कोणता विचार करावा?

हात लहान आणि मनगट फारसे बळकट नसलेल्या नवशिक्याने ९ मिमी निवडावे, .४५ एसीपी निवडावे की रिव्हॉल्व्हरसाठी .३८ स्पेशल, असे आपण विचारले आहे. माझ्या मते काडतुसाच्या ताकदीआधी त्याचा धक्का, म्हणजे गोळी सुटताना पिस्तूल हातात किती जोराने मागे येते, ते पाहावे, कारण धक्क्याच्या धास्तीने चाप ओढताना मनगट दचकले की नळी खाली झुकते आणि नेम तिथेच चुकतो.

धक्का मुख्यतः गोळीचे वजन आणि वेग यांच्या गुणाकारावर ठरतो. ९ मिमीची १२४ ग्रेनची, म्हणजे सुमारे ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगाने जाते; .४५ ची २३० ग्रेनची गोळी जवळजवळ १५ ग्रॅमची असून तिचा वेग २५५ मीटरच्या आसपास असतो. म्हणजे .४५ चा गुणाकार सुमारे एकतृतीयांशाने जास्त भरतो. मात्र तेच काडतूस एक किलोऐवजी अर्ध्या किलोच्या पिस्तुलातून झाडले, तर पिस्तूल मागे येण्याचा वेग आणि त्याची ऊर्जा दोन्ही दुप्पट होतात. म्हणून लहान हाताला लहान, हलके पिस्तूल सोयीचे असते हा समज मला घातक वाटतो. .३८० एसीपी या काडतुसाची अनेक छोटी पिस्तुले साध्या ब्लोबॅक रचनेची असतात, म्हणजे त्यांची स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) केवळ तिचे वजन आणि स्प्रिंग यांनीच बंद धरलेली असते; ही स्प्रिंग कडक असल्याने अशक्त मनगटाला स्लाइड मागे खेचणेही जड जाते.

९ मिमीच्या बाजूने एक मोठा दाखला आहे. १९८६ मध्ये मायामीत दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीनंतर अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने अधिक जोरकस काडतुसाचा शोध घेतला, त्यातूनच १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू हे काडतूस आले. पण गोळ्यांची रचना सुधारल्यावर आणि बहुतेक नेमबाज ९ मिमीने अधिक अचूक व जलद मारा करतात हे दिसल्यावर तीच संस्था पुन्हा ९ मिमीकडे वळली.

रिव्हॉल्व्हरच हवे असेल, तर .३५७ मॅग्नम या अधिक जोरकस काडतुसाचे वजनदार रिव्हॉल्व्हर घेऊन त्यात .३८ स्पेशल वापरावे. याच्या उलट करता येत नाही; .३८ च्या रिव्हॉल्व्हरमधील काडतुसाच्या खाचेत (कक्षात) बसू नये म्हणूनच मॅग्नमचे कवच सुमारे ३ मिलिमीटर लांब ठेवलेले असते.

आपण अगदीच नवखे असाल, तर सुरुवात .२२ लाँग रायफल या हलक्या काडतुसाच्या पिस्तुलाने करावी. ऑलिंपिकमधील २५ मीटर पिस्तूल स्पर्धांतही हेच काडतूस असते, त्यामुळे त्याला पोरखेळ समजू नये. हात स्थिर झाला की पूर्ण आकाराच्या, पोलादी सांगाड्याच्या ९ मिमी पिस्तुलाकडे जावे. मूठ नीट धरल्यावर तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज टेकते का, एवढे मात्र विकत घेण्याआधी तपासावे.

काडतूस झेपते की नाही, याची परीक्षा सोपी आहे. प्रशिक्षकाला आपल्या नकळत मॅगझिनमध्ये एखादे डमी, म्हणजे न उडणारे, काडतूस मिसळायला सांगावे. डमीवर चाप ओढताना नळी खाली गेली, तर काही काळ हलक्या काडतुसावर परत यावे.