आधी तुमची बैठक

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. "बाई, काका भेटले तेव्हाच तुम्हाला कळलं का, हेच म्हणून?" असं विचारलंयस. छे! कळलं ते एवढंच की कलाभवनातला, म्हणजे इंजिनिअरिंगचा, एक उंच मुलगा हंसा मेहता लायब्ररीत रोज माझ्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसतो आणि पुस्तकाचं पान काही उलटत नाही. आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. बोलायला निमित्त लागायचं, आमचं निमित्त म्हणजे माझं हरवलेलं लायब्ररी कार्ड. कार्ड सापडलं, बोलणं चालू राहिलं. मग सेवउसळ, फाइन आर्ट्सचा गरबा, सुरसागरच्या काठी गप्पा. बडोद्यातल्या निम्म्या प्रेमकथा याच वाटेने गेल्या असतील, त्यात शिकवण्यासारखं काही नाही.

ठरवणं मात्र शिकावं लागतं. "आमचं ठरलंय" असं तू लिहितेस, आणि पुढची दोन पानं तो किती छान आहे हेच. काय ठरलंय?

आपल्याकडे जुळवून केलेल्या लग्नात बैठक असते. त्यातलं देणंघेणं मला कधीच पटलं नाही, मानपान तर त्याहून नाही. पण त्या सतरंजीवर बसून चार गोष्टी तोंडाने बोलल्या जातात. मुलगी नोकरी करणार का, आईवडील कोणाकडे राहणार, डोक्यावर कर्ज किती. प्रेमात पडलेल्या दोघांना हे विचारायची लाज वाटते. व्यवहार काढला तर प्रेम कमी दिसेल अशी धास्ती असते. मग हेच प्रश्न लग्नानंतर कोणीतरी स्वयंपाकघरात विचारतं, तेही भलत्याच सुरात.

म्हणून आम्ही दोघांनीच आमची बैठक केली, कमाटीबागेत एका बाकावर, शेंगांच्या पुडीसकट. आमचं घर दांडिया बाजारातलं, सीकेपी, रविवारी मासे नसले तर वडील जेवताना बोलायचे नाहीत. त्याचं घर वैष्णव, कांदालसूणसुद्धा उंबऱ्याबाहेर. मी सरळ म्हटलं, "मासे मी सोडणार नाही." तो बराच वेळ शेंगा सोलत राहिला, खाल्ली एकही नाही. सोललेल्या दाण्यांचा ढीग माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "घरात नको, बाला सहन नाही होणार. माहेरी खा, हॉटेलात खा. आणि त्यावरून तुला कोणी बोललं, तर उत्तर मी देईन, तू नाही." (बा म्हणजे त्याची आई.)

त्याच्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य नीट वाच. घरात मासे येणार नाहीत हे मी मान्य केलं, कारण उत्तर देण्याचं काम त्याने स्वतःकडे घेतलं. पुढे ते काम त्याने खरोखर केलं, एकदा तर भर पंगतीत.

मग पैसे निघाले. त्याने खिशातून पोस्टाचं पासबुक काढलं. शिल्लक पाहून मला हसू आलं, त्यालाही. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं, वडिलांनी दुकानासाठी घेतलेलं कर्ज फिटायचं होतं, ते सगळं सांगितलं. माझा पगार माझ्या नावावर राहील हे त्याच दिवशी बोललो. मुलं माझ्याशी मराठी बोलतील, त्याच्याशी गुजराती, हेही. (ती एकाच वाक्यात दोन्ही बोलतील आणि दोन्हीकडचे आजीआजोबा कपाळाला हात लावतील, हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.)

तुमच्या बैठकीत वेगळे प्रश्न असतील. तो अहमदाबादला, तू इथे, तर बदली कोण मागणार? त्याच्या आईचं दुखणं तू ओझरतं लिहिलंयस, पण तिच्याजवळ कोण राहणार हे त्याला विचारलंस का? विचार, आणि उत्तर देताना तो तुझ्याकडे बघतो की मोबाइलकडे, तेही बघ. "होईल सगळं नीट" हे उत्तर धरायचं नाही.

आता तुझा तो दुसरा बेत. गुपचूप कोर्ट मॅरेज करायचं आणि मग घरी सांगायचं. अगं, 1954 च्या विशेष विवाह कायद्यात गुपचूप काही नसतं. तुमच्यापैकी एकजण निदान 30 दिवस ज्या जिल्ह्यात राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यावी लागते, ती कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावतात, हरकतीसाठी 30 दिवस थांबतात, आणि लग्नाला तीन साक्षीदार लागतात. तुझ्या बाबांचे अर्धे मित्र कचेरीतलेच. शिवाय तुम्ही दोघं हिंदू, 1955 च्या हिंदू विवाह कायद्याला जात आडवी येत नाही. भटजी बोलवा, सप्तपदी करा, मग नोंदणी करा.

बाबांबद्दल तू फार कडवट लिहिलंयस. "व्यासपीठावर सुधारक, घरात सनातनी." आपल्याच गावचं एक घराणं आठव. सयाजीरावांनी 1904 मध्ये बालविवाहाला बंदी करणारा कायदा केला, मुलीला कॉलेजात घातलं. त्याच इंदिराराजांचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलं असताना 1911 च्या दिल्ली दरबारात त्यांचं मन कूचबिहारच्या जितेंद्रनारायणांवर बसलं. त्यांनी स्वतः ग्वाल्हेरला पत्र लिहून ठरलेलं लग्न मोडलं. एवढा पुढारलेला बाप, तरी त्याचा विरोध टिकला तो 1913 मध्ये लंडनला लग्न होईपर्यंत. आणि लायब्ररीला जिचं नाव आहे त्या हंसाबेन म्हणजे बडोद्याच्या दिवाणांच्या कन्या, नागर ब्राह्मण. त्यांनी 1924 मध्ये वणिक समाजातल्या डॉ. जीवराज मेहतांशी लग्न केलं तेव्हा नागर मंडळींनी केवढा गहजब केला! तेव्हा तुझ्या बाबांना लगेच ढोंगी ठरवू नकोस. स्वतःच्या मुलीची वेळ आली की भल्याभल्यांचे पाय लटपटतात. त्यांना वेळ दे, पण तारीख सांगून दे. "दिवाळीपर्यंत विचार करा, दिवाळीनंतर आम्ही पुढचं बघू" असं शांतपणे म्हण. आईला मध्यस्थ करू नकोस, तिला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतं. आणि तो शेजारी असल्याशिवाय हा विषय घरात काढू नकोस. त्याच्यात तुझ्या बाबांसमोर बसायची हिंमत नसेल, तर ते आत्ताच कळलेलं बरं.

बैठक झाली की फोन कर. चारनंतर कर, दुपारी मी झोपते.

तुझी,
बाई