काटा १९० म्हणतो, कॉम्प्युटर २०३ : कोणाचं धरायचं?

स्कूबा सिलिंडरमधला दाब काट्याचा गेज एक दाखवतो आणि डायव्ह कॉम्प्युटर दुसरा, तर खरा कोणाचा, असं तुम्ही विचारलंत. डाइव्हच्या दोन्ही टोकांचे आकडे दिलेत ते बरं केलंत. मालवणला पाण्यात उतरताना काटा १९० बार (बार म्हणजे दाबाचं एकक) आणि ट्रान्समीटरवरून, म्हणजे दाब बिनतारी कळवणाऱ्या यंत्रावरून, कॉम्प्युटरला २०३ बार. वर आल्यावर काटा ४५, कॉम्प्युटर ५८. निम्मं उत्तर यातच आहे. फरक सुरुवातीला १३, शेवटीही १३. गेज सगळीकडे ठरावीक टक्क्यांनी कमी दाखवत असता, तर कॉम्प्युटरवर ५८ असताना काटा ५४ च्या आसपास सापडला असता. फरक जिथल्या तिथे राहतो तेव्हा बहुधा कोणाचं तरी शून्य सरकलेलं असतं, आणि पहिला संशय काट्यावर घ्यावा.

काट्याच्या गेजमध्ये एका टोकाला बंद असलेली वाकवलेली चपटी नळी असते, बोर्दों ट्यूब. हिचं पेटंट १८४९ चं, तत्त्व आजही तेच. दाब चढला की ती जत्रेतल्या कागदी पिपाणीसारखी उलगडू बघते आणि ती हालचाल दातेरी चाकांतून काट्यापर्यंत जाते. गेज बोटीच्या फळीवर आपटला की काटा आपल्या दांड्यावर किंचित फिरू शकतो. मग प्रत्येक आकडा तेवढाच मागे. गंमत अशी की बऱ्याच गेजमध्ये शून्यापाशी काटा अडवायला खुंटी असते. त्यामुळे होज (गेजपर्यंत हवा आणणारी नळी) रिकामी असताना काटा खुंटीला टेकून अगदी बरोबर शून्य दाखवतो आणि दोष झाकला जातो.

तो उघडा पाडायला हवा वाया घालवावी लागत नाही. सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडून सगळं दाबाखाली आणा, मग व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. आता दाबाखाली आहे ती फक्त रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब श्वासापुरता उतरवणारं यंत्र) आणि होजमधली हवा. तोंडात धरायच्या भागावरच्या पर्ज बटणाला, म्हणजे हवा सोडणाऱ्या बटणाला, नुसता स्पर्श करा. दाब झपकन उतरतो, म्हणून बोट लगेच उचला. ट्रान्समीटर काही सेकंदांनी एकदाच आकडा पाठवतो, तेव्हा दर थांब्याला अर्धा मिनिट धीर धरा, काचेवर टिचकी मारा आणि दोन्ही आकडे लिहा. १५०, १०० ला एकेक थांबा पुरे. ५० च्या खाली मात्र ४०, ३०, २०, १० असं हळूहळू या. कॉम्प्युटर १३ च्या आसपास दाखवत असतानाच काटा खुंटीला टेकला, तर दोघांमधला फरक शून्याचा हे पक्कं. चूक काट्याचीच का, हे ठरवायला तिसरा साक्षीदार लागतो. बहुतेक फर्स्ट स्टेजना (रेग्युलेटरचा सिलिंडरच्या व्हॉल्व्हला बसणारा भाग) हाय प्रेशरची दोन पोर्ट, म्हणजे जोडणीची भोकं, असतात. काट्याचा गेज आहे तसा ठेवून ट्रान्समीटरच्या जागी बडीचा (सोबतच्या डायव्हरचा) गेज लावा आणि तेच थांबे घ्या.

थोडाफार फरक दोष नसतो. ०–४०० बारच्या डायलवर अचूकतेच्या २.५ क्लासचा गेज म्हणजे पूर्ण डायलच्या अडीच टक्के, म्हणजे कुठेही १० बार इकडेतिकडे, १.६ क्लास असला तर ६.४. शिवाय २०३ मधला ३ पडद्यावर दिसतो म्हणून तो खरा असतोच असं नाही. तापमानाला इथे दोष देऊ नका, दोघंही एकाच वेळी एकच हवा मोजतायत. हां, ४५ अंशांना २०० बार भरलेलं सिलिंडर २८ अंशांच्या पाण्यात १८९ वर येतं, तेव्हा भरणाऱ्याशी भांडू नका.

लेखी खातरी हवी असेल तर रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटच्या बाजूला एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली कॅलिब्रेशन लॅब, म्हणजे मोजमापाची यंत्रं तपासून देणारी, गाठा. तिथे बॉयलरचे, हायड्रॉलिकचे गेज रोजचे. पण बरेचदा तपासणीचा पंप तेलाचा असतो. तुमच्या गेजमध्ये तेल अजिबात जाता कामा नये. ती हवा फुप्फुसात जाते, आणि नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन मिसळलेली हवा) वापरणार असाल तर ऑक्सिजन आणि तेल एकत्र म्हणजे आगीला आमंत्रण. नायट्रोजनवर तपासणी होते का ते फोनवरच विचारा, आणि होजला जुळणारा ७/१६ यूएनएफ मापाच्या आट्यांचा अडॅप्टर त्यांच्याकडे आहे का तेही. पावसाळ्यात मालवणचं डायव्हिंग बंद असतं, तेव्हा उरकून घ्या.

तोवर कमी दाखवणाऱ्याचं ऐका. ११.१ लिटरच्या सिलिंडरमध्ये १३ बार म्हणजे १४४ लिटर हवा. १८ मीटरवर, पृष्ठभागावरच्या मिनिटाला २० लिटर या हिशेबाने (त्या खोलीवर २.८ पट, म्हणजे ५६ लिटर लागते), जेमतेम अडीच मिनिटं. तुमचा काटा चुकीचा असला तरी लवकर वर काढतोय. घातक असतो तो उलटा गेज, होज रिकामी असतानाही १० वर उभा राहणारा. तो थेट भंगारात.

काटा कमी दाखवतो म्हणून काढून टाकायची घाई मात्र नको. पाण्यात उतरण्याआधी चार मोठे श्वास घ्या आणि काट्याकडे बघा. दर श्वासाला तो खाली जाऊन परत येत असेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही किंवा फर्स्ट स्टेजची जाळी तुंबली आहे. ट्रान्समीटरच्या दोन आकड्यांमधल्या वेळात हा झटका निसटून जाऊ शकतो.

चूक काट्याचीच ठरली, तर गेज उघडून काटा स्वतः सरकवू नका, अख्खा गेज बदला. बदलताना होज आणि गेजमधल्या फिरत्या पिनवरच्या दोन्ही बारीक ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) नव्या घाला. बुडबुड्यांची बारीक रांग येते ती बहुधा तिथूनच. ट्रान्समीटर काढताना प्लास्टिकच्या अंगाला धरून पिळू नका, धातूच्या सपाट बाजूंना स्पॅनर लावा.