करायला लावणे, करून घेणे, करू देणे : 'नेतृत्वशैली' कामगाराला मराठीत कशी विचारावी?

कोल्हापुरात व्यवस्थापनशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : "नेतृत्वशैली आणि व्यवस्थापन यांचा संबंध हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. शिरोलीतल्या एका फाउंड्रीत कामगारांकडून मराठी प्रश्नावली भरून घेत होते. 'तुमच्या वरिष्ठांची नेतृत्वशैली कशी आहे?' हा पहिलाच प्रश्न. एका मामांनी विचारलं, 'आमचा सुपरवायझर कुठं इलेक्शनला हुबा ऱ्हायलाय?' नेतृत्वाला दुसरा शब्द आहे का? आणि नेतृत्व व व्यवस्थापन यांतला फरक मराठीत कसा सांगायचा?"

ताई, त्या मामांचं बरोबर आहे. आजच्या बोलीत 'नेता' म्हणजे फलकावरचा हात जोडलेला माणूस. तुमच्या पुस्तकाला अभिप्रेत असलेला नेता, म्हणजे पंधरा माणसांकडून एका शिफ्टचं कास्टिंग (ओतकाम) वेळेत काढणारा, या शब्दात त्यांना दिसत नाही. शब्दाची मूळ ओळख मात्र फार साधी आहे.

'नेता' हा संस्कृतातल्या 'नी' धातूपासून आला. नी म्हणजे नेणे. आपलं रोजचं 'नेणे' तेच, आणि 'आ' लागून झालेलं 'आणणे'ही तेच. नीती, विनय, उपनयन, अभिनेता, सेनानी ही सगळी त्याच घरातली भावंडं. 'नायक'ही तिथलाच, आणि नायकाचा झिजून झालेला 'नाईक' लष्करात हुद्दा होऊन बसला. (जाणता-नेणता मधला 'नेणता' मात्र या घरातला नाही, तो 'न जाणणारा' आहे.) म्हणजे नेता म्हणजे नेणारा. कुणाला तरी, कुठे तरी. त्यात नेणाऱ्याइतकाच सोबत जाणारा महत्त्वाचा आहे, हे 'नेता' म्हणताना आपण विसरतो आणि 'नेणे' म्हणताना विसरत नाही. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

दुसरा शब्द हवा असेल तर मराठीत त्यांची कमी नाही. अडचण वेगळीच आहे. पुढारी घ्या. पुढे असणारा तो पुढारी. कोल्हापुरातून निघणाऱ्या दैनिकाने हे नाव अभिमानाने लावलं, पण 'पुढारपण करू नकोस' असं आई मुलाला सांगते तेव्हा त्याच शब्दाला वेगळा वास असतो. म्होरक्या हा तर अगदी आपल्या मातीतला. 'म्होरं बघून चाल' म्हणतो ते म्होरं. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात 'मार्गाधारें वर्तावें । विश्व हें मोहरें लावावें' असं आहे. आपण नीट मार्गाने चालावं आणि जगाला त्या दिशेला लावावं. नेतृत्वाची इतकी नेमकी आणि नम्र व्याख्या मला दुसरीकडे मिळाली नाही. पण ज्या शब्दात 'मोहरें' आहे तो 'म्होरक्या' आज बातमीत येतो तो बहुधा चोरांच्या टोळीचाच.

आता मुकादम पाहा. अरबी 'मुकद्दम', म्हणजे पुढे ठेवलेला. पाऊल या अर्थाचा 'कदम' त्याच धातूचा. जुन्या कागदपत्रांत 'मोकदम' म्हणजे गावचा पाटील. आणि आज? ऊसतोडीच्या हंगामात टोळ्या घेऊन येतो, उचल देतो, माणसं मोजतो, हिशेब ठेवतो तो मुकादम. शब्दाचा अर्थ 'पुढारी', काम मात्र पुरतं व्यवस्थापनाचं. पेशव्याचंही तेच झालं. फारसीत पेशवा म्हणजे पुढे असणारा, पुढारी. आपल्याकडे ते राजाच्या प्रधानाचं पद झालं. राजा असताना पुढारी हे नाव प्रधानाला मिळतं, यावरून दिसतं की नेणारा आणि चालवणारा यांच्यात आपल्या भाषेने कधी पक्की भिंत घातली नाही.

दुसऱ्या बाजूला ओझ्याचे शब्द आहेत. धुरा म्हणजे गाडीला जिथे बैल जुंपतात तो भाग. धुरेला खांदा देणारा धुरीण. कारभार या शब्दात तर 'भार' उघडच बसलेला आहे. गावाकडे बायको नवऱ्याला 'कारभारी' म्हणते आणि इथली वर्तमानपत्रं महापालिकेतल्या सत्ताधाऱ्यांनाही 'कारभारी' म्हणतात. घर असो की शहर, जो रोजचं ओझं वाहतो तो कारभारी. व्यवस्थापनाला मराठी बोलीतला सर्वांत जवळचा शब्द हाच, असं माझं मत आहे. 'व्यवस्थापन' हा वि, अव आणि स्था यांपासून घडवलेला. ज्याला त्याला आपापल्या जागी उभं करणं हा त्याचा अर्थ चांगला आहे, पण कामगाराच्या तोंडी तो नाही.

'मॅनेज' मात्र त्याच्या तोंडी आहे, आणि तिथेच जपायला हवं. हा शब्द इटालियनमधून इंग्रजीत आला. मुळात घोडा हाताळून तयार करणं असा त्याचा अर्थ, आणि त्याच्या पोटात लॅटिनमधला 'हात' आहे. आपल्या 'हाताळणे' आणि 'हातोटी'तही हातच आहे. एवढं सुंदर साम्य असूनही मराठीत आल्यावर 'मॅनेज' बिघडला. खासबागेच्या मैदानात कुणी 'कुस्ती मॅनेज झाली' म्हटलं तर ती नुरा कुस्ती, आधीच ठरवलेली. तेव्हा 'तुमचे साहेब माणसं कशी मॅनेज करतात?' असं चुकूनही लिहू नका. सरळ माणूस दुखावेल आणि सावध माणूस उत्तर देणार नाही.

फरकाबद्दल. आंरी फायोल या फ्रेंच खाणअभियंत्याने १९१६ मध्ये व्यवस्थापनाची पाच कामं सांगितली : नियोजन, संघटन, आदेश, समन्वय आणि नियंत्रण. माणसांना पुढे नेणं हे त्यात 'आदेश' या नावाने व्यवस्थापनाच्याच पोटात होतं. १९७७ मध्ये अब्राहम झालेझ्निक यांनी व्यवस्थापक आणि नेता ही मुळातच वेगळी माणसं आहेत का, असा प्रश्न मांडला आणि वाद पेटला. जॉन कॉटर यांनी १९९० मध्ये तो असा सोडवला : व्यवस्थापन गुंतागुंतीला तोंड देतं, नेतृत्व बदलाला. संस्थेला दोन्ही लागतात. मला कॉटरांची मांडणी पटते, कारण ती माणसांची वाटणी करत नाही, कामांची करते. करवीरच्या इतिहासाशी पुढे जोडले गेलेले रामचंद्रपंत अमात्य आठवा. १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे गेले तेव्हा इकडचा सगळा भार पंतांवर टाकून त्यांना 'हुकूमतपनाह' हा किताब दिला. किल्ले, रसद, वतनं, सेनापतींना पाठबळ हे सगळं त्यांनी पाहिलं. हा कारभार की नेतृत्व? राजा शेकडो कोस दूर असताना लोकांचा धीर टिकवून ठेवणं हे कारभाराच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं?

आता शैली. 'शैली' शब्द 'शील'पासून होतो, म्हणजे स्वभाव, वळण. इंग्रजी 'स्टाइल' लेखणीच्या नावावरून आला. मला आपला शब्द अधिक योग्य वाटतो, कारण तुम्हाला त्या सुपरवायझरचं वळणच पाहायचं आहे.

कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये एका प्रयोगातून तीन शैली सांगितल्या, त्या तुमच्या पुस्तकात हुकूमशाही, लोकशाही आणि निर्हस्तक्षेपी अशा आल्या असतील. पहिल्या दोन नावांत 'शाही' आहे, त्यामुळे कामगार पुन्हा निवडणुकीकडेच जाणार. तिसरं तर उच्चारतानाच अडखळतं, आणि त्याचं मूळ फ्रेंच नाव 'लेसे-फेर' मात्र अर्थाने इतकं सोपं आहे : 'करू द्या'.

इथे मराठीने उत्तर तयार ठेवलं आहे. आपण हा भेद नामात ठेवत नाही, क्रियापदात ठेवतो. 'त्यांनी आमच्याकडून काम करायला लावलं' असं कुणी म्हणत नाही, 'आम्हाला करायला लावलं' म्हणतो. 'आमच्याकडून करून घेतलं.' 'आम्हाला करू दिलं.' लावणे, घेणे, देणे. काम तेच, माणसं तीच, पण मागचं क्रियापद बदललं की वरच्या माणसाचं वळण बदलतं. 'लावण्या'त जोर आहे. 'घेण्या'त कौशल्य आहे. त्याला 'विचारून' किंवा 'सोबत घेऊन' जोडलं की लेविनची दुसरी शैली झाली. 'देण्या'त विश्वास आहे. आणि विश्वासाशिवाय नुसतंच सोडून दिलं असेल तर कामगार 'करू दिलं' म्हणणार नाही, 'वाऱ्यावर सोडलं' म्हणेल. लेविनच्या तिसऱ्या शैलीत या दोन गोष्टी एकत्र मिसळतात, तुम्ही त्यांचे दोन वेगळे प्रश्न करा. तुमच्या प्रकल्पाला याचा खरा उपयोग होईल.

लेविन मंडळींचा तो प्रयोग दहा वर्षांच्या मुलांच्या छंदमंडळांवर झाला होता. हुकूम सोडणारा मोठा माणूस खोलीबाहेर गेला की मुलांचं काम ढिलं पडायचं, विचारून चालणारा गेला तरी ते बरंचसं चालू राहायचं. तुमच्या फाउंड्रीत रात्रपाळीबद्दल एक प्रश्न टाका : 'साहेब नसले तर काम कसं चालतं?' या एका प्रश्नाला माणसं मोकळेपणाने उत्तर देतील.

एक माणूस एकाच शैलीचा असतो असं मात्र धरू नका. गंगावेशीतली किंवा मोतीबागेतली तालीम पाहा. नवा पोरगा आला की वस्ताद त्याला करायला लावतो, जोर किती, बैठका किती, झोप कधी, सगळं त्याच्या शब्दावर. तोच पोरगा तयार झाला की डाव दाखवून करून घेतो. आणि मैदानात उतरलेल्या पठ्ठ्याला शेवटी करूच द्यावं लागतं, बाहेरून हाक मारण्यापलीकडे हातात काही उरत नाही. पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांनी १९६९ मध्ये मांडलेला परिस्थितीनुरूप नेतृत्वाचा विचार याच अंगाने जातो : समोरचा किती तयार आहे ते पाहून वळण बदलायचं. शिवाय कोण कुणाशी लढणार, कुणाचा खुराक काय, कुणाला मैदान कधी, हे व्यवस्थापनही वस्तादाकडेच. म्हणून नेतृत्व आणि व्यवस्थापन यांचा संबंध विचारायचा तर मी वस्तादाकडे बोट दाखवीन.

जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांचा १९७८ मधला भेदही तुम्हाला लागेल. देवाणघेवाणीवर चालणारं नेतृत्व आणि माणूस घडवणारं नेतृत्व. पहिल्याचा नमुना म्हणजे मुकादमाची उचल, दुसऱ्याचा वस्ताद. प्रश्नावलीत 'व्यवहाराधिष्ठित' वगैरे शब्द घालू नका. 'चांगलं काम केलं तर काय मिळतं?' आणि 'इथं आल्यापासून साहेबांमुळे नवीन काय शिकलात?' हे दोन प्रश्न पुरेत.

तर पहिला प्रश्न बदलून असा करा : 'तुमचे सुपरवायझर तुमच्याकडून काम कसं करून घेतात?' खाली पर्यायांची वाक्यं : 'काय करायचं ते स्वतः ठरवून सांगतात.' 'ठरवण्याआधी आम्हाला विचारतात.' 'काम सोपवतात, अडलं तर मदतीला येतात.' 'काम सोपवतात, पुढं बघत नाहीत.' अहवालात मात्र 'नेतृत्वशैली' हाच शब्द ठेवा. शास्त्राला संज्ञा लागते आणि ही संज्ञा निर्दोष आहे.

तुमच्या पत्रात दोन ठिकाणी 'नेतृत्त्व' झालं आहे, तेवढं अहवालाच्या मुखपृष्ठावर जाण्याआधी दुरुस्त करा. नेतृ अधिक त्व, म्हणून त एकदाच : नेतृत्व, तसंच कर्तृत्व, वक्तृत्व, मातृत्व. 'महत्त्व'मध्ये दोन त येतात, कारण मूळ शब्द 'महत्' आहे आणि त्याचा स्वतःचा एक त आधीच आहे. आणि 'नेता'चं स्त्रीलिंग 'नेत्री' होतं, जसं अभिनेत्याचं अभिनेत्री. रूढ मराठीत आदरार्थी 'नेत्या' चालतं. महिला सुपरवायझरांवर वेगळं प्रकरण लिहिणार असाल तर दोन्हींपैकी एक रूप निवडून शेवटपर्यंत तेच ठेवा.