सामायिक वर्कशॉपमध्ये नवीन येणाऱ्यासाठी

लेथवर किंवा ड्रिलवर हातमोजे घालून उभा राहू नकोस. सुरक्षित वाटतं खरं, पण फिरत्या चकात, म्हणजे लाकूड किंवा ड्रिलचं टोक पकडणाऱ्या भागात, मोज्याचा एक धागा अडकला की मागोमाग हातही ओढला जातो. बाह्या दुमडून घे, गळ्यातली साखळी आणि मनगटातला दोरा काढून ठेव. चष्मा हवाच, नंबरचा नव्हे, बाजूनेही झाकणारा. चक घट्ट केल्याबरोबर त्याची चावी काढायची, 'काढतो नंतर' म्हणून तिथेच ठेवायची नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. गेली की आधी मशीनचं बटण बंद कर. नाहीतर सगळे चहाला बाहेर, इकडे लाइट आली आणि करवत आपोआप सुरू!

जुन्या घराचे वासे, चौकटी आणल्यास तर त्यात खिळे हमखास असणार. चुंबक फिरवून बघ, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच समज. खाऱ्या हवेत लोखंड बघता बघता गंजतं, म्हणून पटाशी पुसून, तेलाचा हात फिरवून जागेवर ठेव. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. ती आतल्या आत तापून पेटू शकतात. बाहेर मोकळी पसरून वाळव.

मशीनवर कुणी असेल तर मागून हाक मारायची नाही. दिसेल असा थांब. भुसा ज्याचा त्याने झाडायचा. पटाशीची धार गेली तर गुपचूप ठेवून जाऊ नकोस, सांग. कुणी रागावणार नाही, फार तर धार लावायला बसवतील.